पायाला बूट हवाय, पण बिल नामंजूर झालं

पत्र: नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, आता वय ७४. १९८८ ला श्रीलंकेत असताना उजव्या गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला स्प्लिंटर लागला, तेव्हापासून ते पाऊल वर उचलता येत नाही, पायाला प्लास्टिकची पट्टी लावून चालतात. बारा वर्षांपासून शुगर पण आहे. जुना बूट फाटला म्हणून आम्ही पुण्यातल्या एका दुकानातून ८,५०० रुपयांचे स्पेशल बूट करून घेतले आणि बिल ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला दिलं तर त्यांनी परत केलं, म्हणाले शूज मिळत नाहीत. आप्पा म्हणतात जाऊ दे, सरकार काय बूट घेऊन देणार. माझा मावसभाऊ अमेरिकन आर्मीत आहे, तो म्हणतो आमच्याकडे सगळं मिळतं. खरंच आपल्याकडे काहीच मिळत नाही का? आईला पण शुगर आहे, तिला एमसीआर (शुगरवाल्यांसाठीच्या मऊ रबराची) चप्पल मिळेल का? आणि माझ्या मुलाचे, वय १६, फ्लॅट फूट आहेत, त्याला आजोबांच्या कार्डावर इनसोल मिळेल का? एक सांगायचं राहिलं, आप्पांच्या उजव्या अंगठ्याच्या खाली पंधरा दिवसांपासून छोटी जखम आहे, दुखत नाही त्यामुळे ते हळद लावतात. (एका फौजीची लेक)

ताई, तुम्ही जे सगळ्यात शेवटी, सांगायचं राहिलं म्हणून लिहिलंय ना, मी तिथूनच सुरू करतो. बिल, बूट, मंजुरी हे सगळं चार दिवस थांबेल पण ती जखम थांबणार नाही. पंधरा दिवस झाले, शुगर आहे, आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून तुम्हाला ती छोटी वाटतेय आणि मला तेवढ्यासाठीच काळजी वाटतेय. शुगरमुळे तळपायाची संवेदना गेली की खडा टोचला तरी कळत नाही, पट्टीची कड घासली तरी कळत नाही, आणि माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो. तुमच्या माझ्या पायाला असं काही झालं तर आपण आपोआप लंगडतो आणि ती जागा वाचते, आप्पांचा पाय तसं करत नाहीये. तेव्हा उद्याच पॉलिक्लिनिकला जा, एमओंना, म्हणजे तिथल्या मेडिकल ऑफिसरना, पट्टी काढून, मोजा काढून पाय दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका, आणि सर्जनचा रेफरल मागा. हळद, तूप, कोरफड काही लावू नका. जखम भरेपर्यंत ते नवे बूट पण घालायचे नाहीत आणि त्या पायावर चालणं जमेल तेवढं कमी, संडासला जायचं तेवढंच म्हणा. आणि मधेच ताप आला, पाय लाल होऊन सुजला, वास यायला लागला किंवा बोट काळं पडलं तर रेफरलची वाट बघत बसू नका, सरळ ईसीएचएसच्या यादीतल्या जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि कार्ड दाखवा. इमर्जन्सीत रेफरल आधी लागत नाही, ईसीएचएसला कळवायचं काम हॉस्पिटल करतं.

आता बुटाचं.

मी तीस वर्षं कॅलिपर, पट्ट्या आणि सर्जिकल बूट बनवायचं काम केलंय आणि माझे वडील पण फौजी होते, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहितीये. वडिलांना गुडघ्याच्या ब्रेसचं बिल असंच एका ठिकाणाहून परत आलं होतं आणि ते आप्पांसारखंच म्हणाले होते, जाऊ दे. मी तेव्हा नवीन होतो, मीही सोडून दिलं. नंतर कळलं की बिल परत आलं कारण आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. आधी ब्रेस आणला, मग डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घेतली, मग बिल दिलं. चिठ्ठीची तारीख बिलाच्या नंतरची होती. ते पैसे गेले याचं फार वाटत नाही, पण त्यानंतर वडिलांनी परत कधी काही मागितलंच नाही याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय.

ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, पेन्शनर फौजी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी. आप्पा १९९६ च्या आधी पेन्शनवर आले म्हणून त्यांना मेंबर होताना एक रुपया भरावा लागला नसेल, आज पेन्शनवर येणारा हवालदार ३०,००० भरतो. पण पैसे भरले नाहीत म्हणून हक्क कमी होत नाही, हे आप्पांना नीट सांगा. माझ्या अनुभवात १९९६ च्या आधीच्या बऱ्याच लोकांच्या मनात असं असतं की आपल्याला फुकट मिळतंय तर जास्त मागू नये. तसं काही नाहीये. त्यांचा पाय ड्युटीवर अधू झालाय.

ईसीएचएसमध्ये पैसे मिळतात ते सरकारी दराने, म्हणजे सीजीएचएसचे, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, जे दर ठरलेत तेवढेच किंवा तुमचा खरा खर्च, दोन्हीत जे कमी असेल ते. आणि हे दर वस्तूवार असतात. पट्टीचा वेगळा, ब्रेसचा वेगळा, कॉलरचा वेगळा. आता तुमच्या बिलावर काय लिहिलंय बघा, मला खात्री आहे की एकच ओळ असेल, स्पेशल शूज, ८,५००. टेबलावर बसलेल्या माणसाने ही ओळ कशात बसवायची? त्याच्या डोळ्यासमोर बूट म्हणजे बूट, जो सगळेच घालतात, कपड्यासारखी गोष्ट. तो नाही म्हणतो आणि त्याच्या जागी ते चूक पण नसतं, कारण त्याला कागदावरून पाय दिसत नाही.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, तुमचा मावसभाऊ जे म्हणतो ना की तिकडे सगळं मिळतं, तसं पण नाहीये. त्यांच्या फौजेची ट्रायकेअर म्हणून आरोग्य योजना आहे, त्यात नुसते ऑर्थोपेडिक शूज, आर्च सपोर्ट, बुटात घालायचे इनसोल, टाचेचे पॅड असलं सगळं धरलं जात नाही. बूट कधी मिळतो? एक तर तो ब्रेसचाच भाग असेल तेव्हा, म्हणजे बुटाशिवाय ब्रेस चालूच शकत नाही असं असेल तेव्हा, आणि दुसरं म्हणजे शुगरच्या पेशंटला, त्याला जास्त खोलीचे बूट किंवा पायाच्या मापावर केलेले बूट इनसोलसकट मिळतात. मी हे मुद्दाम सांगतोय कारण यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांची योजना पण आरामासाठी घेतलेला बूट आणि उपचार म्हणून दिलेला बूट यात फरक करते. आणि आप्पांच्या बाबतीत दोन्ही कारणं आहेत, ब्रेस पण आहे, म्हणजे ती पट्टी, आणि शुगर पण आहे! त्यांची केस एवढी पक्की असताना ती एका ओळीच्या बिलावर गेली.

तर मग करायचं काय. आप्पा फौजी आहेत, आणि फौजी माणसासाठी या कामाची मुख्य जागा दुकान नाहीये, पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, ज्याला सगळे एएलसी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गेलेल्या सैनिकांसाठी १९४४ ला सुरू झालं. नावात लिंब आहे म्हणून लोकांना वाटतं की पाय कापलेल्यांसाठीच आहे, आणि आप्पांसारखे लोक तिकडे जातच नाहीत, म्हणतात माझा पाय आहे की जागेवर. पण तिथे कृत्रिम पायाबरोबर पट्ट्या, कॅलिपर, सर्जिकल बूट हे पण बनतं, आणि माझ्या मते फूट ड्रॉपच्या, म्हणजे आप्पांसारखं पाऊल वर उचलता न येणाऱ्यांच्या, पट्टीचं आणि तिच्यासोबतच्या बुटाचं काम एकाच छताखाली, एकाच माणसाच्या नजरेखाली व्हावं यासारखं चांगलं काही नाही. दुकानात काय होतं, पट्टी एका ठिकाणची, बूट दुसऱ्या ठिकाणचा, आणि दोघांची भेट आप्पांच्या पायावर होते. जखमा तिथेच होतात.

तिकडे जायचा रस्ता पॉलिक्लिनिकमधूनच आहे. एमओ रेफर करतील मिलिटरी हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे, सर्जन लिहून देतील, आणि तिथून एएलसी. सरळ एसटीत बसून गेटवर जाऊन उभं राहू नका, आधी फोन करून तारीख घ्या. माप एका फेरीत, ट्रायल दुसऱ्या फेरीत, मग फिटिंग, असं हे काम असतं, म्हणून दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवा, राहायची सोय आधी बघा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एका दिवसात गाव ते पुणे ते गाव करायला लावू नका.

सर्जनकडे जाल तेव्हा एक गोष्ट मनावर घ्या. चिठ्ठीवर काय लिहिलं जातंय ते वाचा. ओपीडीत शंभर पेशंट असतात, डॉक्टर घाईत अॅडव्हाइस स्पेशल शूज असं तीन शब्दात लिहितात आणि तिथेच पुढचा सगळा घोळ सुरू होतो. नम्रपणे विनंती करा की सर, जरा सविस्तर लिहाल का. त्यात आजार असला पाहिजे, पाय कुठला ते असलं पाहिजे, वस्तू कुठली ते आणि कशासाठी ते. म्हणजे साधारण असं: उजवा फूट ड्रॉप, पेरोनियल नर्व्ह इंज्युरी (पाऊल उचलणाऱ्या नसेला इजा), सोबत डायबेटिक न्यूरोपॅथी (शुगरमुळे गेलेली संवेदना), तळव्याला जखम होऊन गेलेली, मापाची एएफओ (तीच प्लास्टिकची पट्टी), आणि त्या एएफओसोबत वापरण्यासाठी एक्स्ट्रा डेप्थ बूट एक जोड, मोल्डेड इनसोलसकट. डॉक्टरांना आपण शिकवायचं नाही, पण आप्पांना शुगर आहे, जखम झाली होती, पट्टी जुन्या बुटात बसत नाही, हे तीन मुद्दे तुम्ही बोललात तर ते स्वतःच लिहितात. बोललंच नाही तर त्यांना कळणार कसं.

एएलसीला जाणं काही कारणाने जमलंच नाही आणि बाहेरून घ्यावं लागलं तर क्रम असा. आधी सर्जनची चिठ्ठी. मग ती घेऊन पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्यांना, भेटायचं, खरेदीची लेखी परवानगी मागायची, अर्ज दोन प्रतीत, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी ठेवायची. तेव्हाच विचारायचं की सरकारी दर किती आहे, म्हणजे वरचे पैसे खिशातून किती जातील ते आधीच कळतं. मग खरेदी. दुकानदाराला सांगायचं की बिलात पट्टी वेगळी, इनसोल वेगळा, बूट वेगळा लिही, पेशंटचं नाव लिही, जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल दे. आणि मग क्लेम, लगेच, कागद ताजे असताना. कार्डाची झेरॉक्स, चिठ्ठी, मंजुरी, बिल, बँक पासबुक सगळं एकत्र. उलटं केलं तर काय होतं ते तुम्ही बघितलंय.

ते ८,५०० परत मिळतील का? ताई, खरं सांगायचं तर मला अवघड वाटतंय. मंजुरी आधीची नाही, बिल एका ओळीचं आहे. एक करा, पॉलिक्लिनिकला विनंती अर्ज द्या की बिल कुठल्या कारणाने परत केलं ते लेखी द्या. तोंडी नाही ला काही किंमत नसते, लेखी कारण असलं की पुढे दाद मागता येते, स्टेशन हेडक्वार्टर, मग रीजनल सेंटर, आणि ऑनलाइन सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर पण तक्रार टाकता येते, तिथे नंबर मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. जुनी एखादी चिठ्ठी सापडली, खरेदीच्या आधीच्या तारखेची, ज्यात मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बूट लिहिलाय, तर मग जरूर भांडा. नाही सापडली तर त्या पैशामागे सहा महिने घालवू नका, तीच ताकद पुढच्या जोडासाठी लावा. कारण पुढचा जोड लागणारच आहे. एमसीआर रोज वापरलं की काही महिन्यांत दबून जातं, वरून बूट चकाचक दिसतो आणि आतली गादी मेलेली असते. एकदा फाइलवर आप्पांचा बूट उपचार म्हणून चढला की दुसऱ्या वेळी एवढं समजवावं लागत नाही.

पुण्याला जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आणि १९८८ च्या जखमेचे, मेडिकल बोर्डाचे जे काही कागद पेटीत असतील ते घेऊन जा. आप्पांना डिसॅबिलिटी पेन्शन चालू असेल तर ते कागद नक्कीच, कारण जखम सर्विसमधली, ड्युटीमुळे झालेली असं मान्य झालेलं असणं सगळीकडे कामाला येतं. कागद सापडतच नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं ते तिथे सांगतात, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला.

आणि जुनी पट्टी, जुना फाटका बूट टाकून दिला नसेल ना? तो पण न्या. मी काम करायचो तेव्हा पेशंट आत आला की आधी त्याचा जुना बूट उलटा करून बघायचो. तळ कुठे झिजलाय, टाच कुठल्या बाजूला खाल्लीये, आत घामाचा आणि दाबाचा काळा डाग कुठे पडलाय, यावरून तो माणूस कसा चालतो ते निम्मं कळतं. फूट ड्रॉपवाल्यांचा पुढचा भाग घासलेला असतो कारण पाऊल उचललं जात नाही, चवडा जमिनीला खरवडत जातो. आप्पांना जिथे जखम झालीये, बरोबर तिथे जुन्या बुटात किंवा पट्टीच्या टोकाला काहीतरी टोचत असणार, मला जवळपास खात्री आहे.

पट्टीबद्दल थोडं. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं ना, त्याला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते, अगदी कातडीखालून. स्प्लिंटर तिथेच लागला असणार. आप्पांची प्लास्टिकची पट्टी म्हणजे एएफओ, पॉलीप्रॉपिलीनची शीट गरम करून पायाच्या साच्यावर ओढून करतात. ती पाऊल काटकोनात धरून ठेवते म्हणून अडखळून पडायला होत नाही. पण ती बुटाच्या आत जाते, म्हणून बूट नेहमीच्या मापाचा चालत नाही, खोल लागतो, तोंड मोठं उघडणारा लागतो, वेल्क्रोचा किंवा नाडीचा, आणि आतला तयार इनसोल काढावा लागतो. काही लोक पट्टी बसावी म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतात, मग पाय आत पुढेमागे सरकतो आणि अंगठा घासतो. मोठा नको, खोल हवा. जखम भरल्यावर तुमच्या नव्या बुटाचं पण हे तपासा, आप्पांना पट्टी घालून उभं करा आणि अंगठ्याच्या पुढे जागा बघा, तुमच्या बोटाच्या रुंदीएवढी साधारण. हे संध्याकाळी करा, पाय दिवसभरात फुगतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो.

पट्टी किती वर्षं जुनी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. वय वाढलं की पोटरीचं मांस कमी होतं, पट्टी सैल पडते, लोक फडकं कोंबून वापरतात. तसं असेल तर नवीन माप द्यायलाच हवं. आणि आप्पांना स्वतःहून गॅसवर पट्टी गरम करून वाकवू देऊ नका, बरेच फौजी हा उद्योग करतात, हात चांगला चालतो त्यांचा, पण वाकलेली कड नंतर कातडीत रुतते आणि त्यांना ते जाणवत नाही.

नवा बूट, कुठूनही आलेला असो, पहिल्या दिवशी एक तास. काढायचा, पाय उजेडात बघायचा. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर तो बूट बनवणाऱ्याकडे परत न्यायचा, सवय होईल म्हणून घालत राहायचा नाही. शुगरच्या पायाला बुटाची सवय होत नसते, पायाला जखम होते. डाग नसेल तर रोज थोडा वेळ वाढवायचा. घालायच्या आधी बुटात हात घालून फिरवायचा, खडा, खिळा, गव्हाचा दाणा काय असेल ते. मोजे पांढरे सुती, म्हणजे रक्त, पू आला तर दिसतो. रात्री झोपताना तळपाय बघायचं काम आप्पांच्या डोळ्यांवर सोडू नका, आई बघेल, नाहीतर तुमचा मुलगा मोबाईलवर रोज एक फोटो काढेल. घरात पण अनवाणी नाही. देवळात जायचं असेल तर सकाळी लवकर जा, दुपारच्या तापलेल्या फरशीवर पाय भाजतो आणि कळत नाही, मी असे पाय बघितलेत. आणि कोल्हापुरी चप्पल, आप्पांकडे असणारच, ती मात्र आता बंद. मी स्वतः कोल्हापूरचा आहे, मला ती चप्पल प्रिय आहे, तरी सांगतो. तळ कडक, अंगठा कातड्याच्या वादीत अडकलेला, आणि पट्टीबरोबर ती चालत पण नाही.

आईचं सोपं आहे. फौजीची बायको म्हणून त्यांचं स्वतःचं कार्ड असतं, हक्क आप्पांएवढाच. त्यांना पॉलिक्लिनिकला नेऊन पायाची तपासणी मागा, एक नायलॉनचा बारीक धागा तळव्याला लावून कळतं का बघतात, दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, दोन मिनिटांचं काम. संवेदना कमी निघाली तर एमसीआरची चिठ्ठी लिहून घ्या, क्रम तोच, आधी चिठ्ठी आणि मंजुरी. आणि संवेदना चांगली असेल, नुसत्या टाचा भेगाळल्या, सकाळी उठल्यावर दुखत असतील तर मऊ तळाची चांगली चप्पल तुम्ही बाजारातून घ्या, त्यासाठी कागदांच्या मागे लागू नका.

मुलाला मात्र नाही मिळणार. नातू ईसीएचएसमध्ये अवलंबून धरला जात नाही, आणि तुमचं लग्न झालंय म्हणून तुमचं पण नाव त्यात नाही. पण मला वाटतं त्याला इनसोलची गरजच नसेल. त्याला अनवाणी चवड्यावर उभं करा आणि मागून बघा. तळव्याला कमान येते का? येत असेल, पाय दुखत नसेल, पळायला त्रास नसेल तर तो लवचिक फ्लॅट फूट, त्याला काही करावं लागत नाही. सोळा वर्षांचा आहे आणि आजोबा फौजी, म्हणजे भरतीचा विचार डोक्यात असेलच, तर सांगा त्याला की मेडिकलला पण हेच बघतात, चवड्यावर उभं राहिल्यावर कमान येत असेल, पाय लवचिक आणि न दुखणारा असेल, चवड्यावर नीट पळता येत असेल तर तो पाय चालतो. दुकानातला आठशेचा इनसोल घालून कमान तयार होत नाही. कमान येतच नसेल किंवा दुखत असेल तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

आप्पांशी बोलायचं राहिलं. ते जाऊ दे म्हणतात तेव्हा रागावू नका. फौजेत असताना जे लागेल ते स्टोअरमधून मिळायचं, डीएमएस, म्हणजे फौजी बूट, मिळायचा, सही करून घ्यायचा, मागायची वेळ यायची नाही. बाहेर आल्यावर खिडकीवर उभं राहून मागावं लागतं ते त्या पिढीला जड जातं. माझ्या वडिलांना जड गेलं. तुम्ही त्यांच्याऐवजी मागा, कागद तुम्ही सांभाळा, बोलायचं तुम्ही बोला, त्यांना फक्त पाय दाखवू द्या. खरं तर बऱ्याच पॉलिक्लिनिकमध्ये समोर बसलेला माणूस पण माजी फौजीच असतो, आप्पांनी युनिट आणि श्रीलंका एवढं सांगितलं तरी बोलण्याचा सूर बदलतो, मी बघितलंय.

उद्या जाताना पिशवीत काय काय टाकायचं ते परत सांगतो, कार्ड, शुगरचे आणि जखमेचे जुने रिपोर्ट, परत आलेलं बिल, जुना बूट. आप्पांना घरची चप्पल घालून नका नेऊ, रिक्षा दारापर्यंत बोलवा. आणि सर्जनने जखम बघून काय सांगितलं ते मला कळवा, बुटाचं माप जखम भरल्यावरच द्यायचंय, त्याआधी घेतलेलं माप सुजेचं माप असतं.